परतीची सारणी

समजा, ‘घर’ हा शब्द कुणाला तरी गुपचूप कळवायचा आहे. मुळाक्षरांतल्या व्यंजनांना क्रमाने आकडे देऊ. क म्हणजे १, ख म्हणजे २, असे करत त १६, र २७, ळ ३४, क्ष ३५ आणि ज्ञ ३६. रिकाम्या जागेसाठी शून्य. मग ‘घर’ म्हणजे ४ आणि २७. आता या दोन आकड्यांपासून दोन नवे आकडे तयार करायचे. नवा पहिला आकडा म्हणजे जुन्या पहिल्याची तिप्पट अधिक दुसऱ्याची दुप्पट. नवा दुसरा म्हणजे जुना पहिला अधिक दुसऱ्याची चौपट. हिशेब केला की ६६ आणि ११२ येतात. आपल्याजवळ ० ते ३६ एवढेच आकडे आहेत, म्हणून ३७ने भागून फक्त बाकी ठेवू. ६६ची बाकी २९, म्हणजे व. ११२ची बाकी १, म्हणजे क. ‘घर’चे ‘वक’ झाले.

हा सगळा नियम चार आकड्यांत मावतो:

३   २
१   ४

आकड्यांच्या अशा चौकटीला मॅट्रिक्स किंवा सारणी म्हणतात. आडव्या ओळी आणि उभे स्तंभ यांची संख्या सारखी असेल तर ती चौरस सारणी. याच सारणीने ‘सरबत’ हा शब्द दोन-दोन अक्षरांनी बदलला तर ‘खवरड’ मिळतो. ‘घर’मधल्या र चा क झाला होता, ‘सरबत’मधल्या र चा मात्र व झाला. शेजारी कोणते अक्षर आहे त्यावर र चे रूप ठरते, त्यामुळे कोणते अक्षर किती वेळा येते एवढे मोजून हा संदेश फुटत नाही. लेस्टर हिल या अमेरिकी गणितज्ञाने १९२९मध्ये ही रीत प्रसिद्ध केली, अर्थात इंग्रजीच्या २६ अक्षरांसाठी.

आता खरा प्रश्न पलीकडे उभ्या असलेल्या माणसाचा. त्याच्या हाती ‘वक’ आले आहे. त्याला ‘घर’ परत हवे. ‘वक’च्या दोन आकड्यांना लावली की ‘घर’चे दोन आकडे देईल, आणि कुठल्याही जोडीच्या बाबतीत असेच करील, अशी दुसरी सारणी आहे का? असेल तर तिला पहिलीची व्यस्त सारणी म्हणतात. साध्या संख्यांच्या बाबतीत आपण हे शाळेत शिकलेलो असतो. ५ने गुणलेले पुसायचे तर १/५ने गुणायचे, कारण दोघांचा गुणाकार १ येतो. सारण्यांच्या जगात त्या १चे काम एकक सारणी करते. तिच्या कर्णावर सगळे १ असतात, बाकी सर्वत्र शून्य, आणि तिने गुणले तर काहीच बदलत नाही. मूळ सारणी आणि तिची व्यस्त यांचा गुणाकार, म्हणजे एकीनंतर दुसरी लावण्याचा एकत्र परिणाम, एकक सारणी आला पाहिजे. चौरस सारण्यांत एक सुखद गोष्ट अशी की हा गुणाकार एका क्रमाने एकक आला तर उलट क्रमानेही येतोच, आणि व्यस्त असलीच तर ती एकच असते.

दोन ओळींच्या सारणीची व्यस्त शोधणे अगदी सोपे आहे. मुख्य कर्णावरच्या दोन आकड्यांची अदलाबदल करायची, उरलेल्या दोघांची चिन्हे बदलायची आणि सगळ्यांना निश्चयकाने भागायचे. महाराष्ट्र बोर्डाच्या दहावीत क्रेमरच्या पद्धतीबरोबर जो निश्चयक भेटतो तोच हा. एका कर्णाचा गुणाकार वजा दुसऱ्या कर्णाचा गुणाकार. आपल्या सारणीचा निश्चयक ३×४ − २×१ = १०.

पण इथे १०ने भागायचे कसे? आपल्याकडे अपूर्णांक नाहीत, फक्त ३७ने भागून उरणाऱ्या बाक्या आहेत. म्हणून अशी संख्या शोधायची की तिला १०ने गुणल्यावर बाकी १ उरेल. ती २६ आहे, कारण १०×२६ = २६०, आणि २६० म्हणजे ३७ची सातपट अधिक १. तेव्हा १०ने भागण्याऐवजी २६ने गुणायचे. बाक्या घेऊन व्यस्त सारणी अशी येते:

३०   २२
११   ४

‘वक’ म्हणजे २९ आणि १. पहिली ओळ लावली की ३०×२९ + २२×१ = ८९२, त्याची बाकी ४, म्हणजे घ. दुसरी ओळ ११×२९ + ४×१ = ३२३ देते, त्याची बाकी २७, म्हणजे र. घर परत मिळाले.

हिशेब इतका बिनबोभाट जमला, याचे श्रेय आपल्या मुळाक्षरांना द्यायला हवे. छत्तीस व्यंजने आणि एक रिकामी जागा मिळून ३७ होतात, आणि ३७ ही मूळ संख्या आहे. मूळ संख्येच्या बाक्यांमध्ये शून्य सोडून प्रत्येक आकड्याला व्यस्त असतो. इंग्रजीत २६ म्हणजे २ गुणिले १३. तिथे निश्चयक सम आला किंवा १३च्या पटीत आला तर त्याला व्यस्त नाही, आणि ती सारणी किल्ली म्हणून निकामी ठरते. २६ आकड्यांतून दोन ओळींच्या एकूण ४,५६,९७६ सारण्या बनतात, त्यांतल्या १,५७,२४८ एवढ्यांनाच व्यस्त आहे, म्हणजे शेकडा चौतीसच्या आसपास. ३७वर त्याच प्रकारच्या १८,७४,१६१ सारण्यांपैकी १८,२२,१७६ सारण्यांना व्यस्त आहे, शेकडा सत्त्याण्णवपेक्षा जास्त. हिल यांच्या रीतीसाठी देवनागरीची ही मांडणी इंग्रजीपेक्षा कितीतरी सोयीची आहे.

उरलेल्या शेकडा तीनपेक्षा कमी सारण्यांचे काय होते, हे पाहिल्याशिवाय व्यस्त म्हणजे काय ते खऱ्या अर्थाने कळत नाही. ही घ्या:

२   १
४   २

निश्चयक २×२ − १×४, म्हणजे शून्य. तिने ‘घर’ बदलले तर ३५ आणि ३३ मिळतात, म्हणजे ‘क्षह’. आता ‘नस’ बदलून पाहा. न २०, स ३२. बाक्या पुन्हा ३५ आणि ३३. ‘लत’ बदलून पाहा. पुन्हा ‘क्षह’. अशा एकूण ३७ जोड्या ‘क्षह’वर येऊन आदळतात. पलीकडच्या माणसाला ‘क्षह’ मिळाले तर त्यातून घर काढायचे, नस काढायची की लत? कितीही हुशार माणूस असला तरी सांगू शकणार नाही, कारण ती माहिती वाटेतच नाहीशी झाली. सारणीची दुसरी ओळ पहिलीची दुप्पट आहे, त्यामुळे दुसरा आकडा नवीन काहीच सांगत नाही. शून्य निश्चयकाचा अर्थ हा आहे. ‘शून्याने भागता येत नाही म्हणून व्यस्त नाही’ असे विद्यार्थी पाठ करतात. ते खोटे नाही, पण त्यात कारण कळत नाही. दोन वेगळ्या गोष्टी एकदा सारख्या झाल्या की त्यांना पुन्हा वेगळे करता येत नाही, हे कारण आहे. सारणी चौरस का लागते याचेही उत्तर यातच मिळते. तीन आकडे घेऊन दोनच परत देणाऱ्या सारणीत काहीतरी हरवणारच.

हिल यांची रीत टिकली नाही, आणि तिचा पाडावही व्यस्त सारणीनेच केला. शत्रूला मूळ अक्षरांच्या दोन जोड्या आणि त्यांची बदललेली रूपे हाती लागली, तर मूळ आकड्यांची सारणी मांडायची, तिची व्यस्त काढायची, बदललेल्या आकड्यांच्या सारणीला तिने गुणायचे. किल्ली समोर! ज्या जोरावर मित्राला संदेश वाचता येतो त्याच जोरावर शत्रूला किल्ली काढता येते. तरी कल्पना वाया गेली नाही. अमेरिकेत २००१मध्ये प्रमाण म्हणून स्वीकारलेल्या आणि आज जगभर वापरात असलेल्या एईएस या सांकेतिक पद्धतीत अनेक पायऱ्या असतात, आणि त्यांतल्या एका पायरीवर चार ओळींची सारणी बसलेली आहे. तिच्या ओळींत २, ३, १, १ हेच आकडे फिरत राहतात. उलगडताना तिची व्यस्त वापरतात, तिच्यात १४, ११, १३, ९. तिथे २५६ आकडे आहेत आणि २५६ मूळ संख्या नाही, म्हणून साध्या बाक्या सोडून निराळे अंकगणित रचावे लागले, ज्यात शून्याखेरीज प्रत्येकाला व्यस्त मिळेल. सरळ सारणीने न सुटणारे मिश्रण इतर पायऱ्या करतात, त्यामुळे हिल यांचा दुबळेपणा तिथे उरत नाही.

दोन ओळींचे सूत्र पाठ करता येते. तीन, चार, वीस ओळी असल्या तर? मला स्वतःला व्यस्त काढण्याची सगळ्यात सुंदर रीत वाटते ती ओळींच्या क्रियांची. सारणीच्या शेजारी एकक सारणी मांडायची आणि मग डावीकडच्या सारणीला एकक बनवण्याच्या मागे लागायचे. मुभा तीनच गोष्टींची: दोन ओळींची अदलाबदल, एखाद्या ओळीला शून्येतर संख्येने गुणणे, आणि एका ओळीतून दुसरीची पट वजा करणे. जे डावीकडे कराल ते उजवीकडेही करायचे. एक लहान उदाहरण, या वेळी साध्या संख्यांमध्ये:

१   २   |   १   ०
३   ७   |   ०   १

दुसऱ्या ओळीतून पहिलीची तिप्पट वजा केली:

१   २   |   १   ०
०   १   |   −३   १

मग पहिलीतून दुसरीची दुप्पट वजा केली:

१   ०   |   ७   −२
०   १   |   −३   १

डावीकडे एकक आली. उजवीकडे जे उरले ती व्यस्त. पहिल्यांदा पाहणाऱ्याला हे हातचलाखीसारखे वाटते, आणि वर्गात बहुतेक वेळा कारण सांगितले जात नाही. कारण असे आहे. ओळींवरची प्रत्येक क्रिया म्हणजे डावीकडून कुठल्यातरी सारणीने गुणणे. सगळ्या क्रिया एकामागून एक केल्या म्हणजे त्या सगळ्यांच्या गुणाकाराने, एका मोठ्या सारणीने, गुणले. त्या सारणीने मूळ सारणीला एकक केले, म्हणजे व्याख्येनेच ती व्यस्त आहे. आणि तीच सारणी उजवीकडच्या एककाला लागली, तेव्हा एककाने आपल्याकडचे काहीच न मिसळता तिला जसेच्या तसे दाखवले. एकक सारणी इथे साक्षीदार आहे. शेजारी काय-काय घडले त्याची ती नोंद ठेवते.

रीत अडते तेव्हाही ती गप्प बसत नाही. मघाच्या २, १ आणि ४, २ या सारणीवर ती चालवा. दुसरीतून पहिलीची दुप्पट वजा करताच डावीकडची ओळ पूर्ण शून्य होते आणि उजवीकडे −२, १ उरतात. म्हणजे पहिल्या ओळीची उणे दोनपट आणि दुसरी ओळ मिळून काहीच उरत नाही. व्यस्त नाही, आणि का नाही, तेही लिहून मिळाले.

सारणीची प्रत्येक ओळ एक समीकरण मानली तर ओळींतून ओळी वजा करणे म्हणजे एकेका अज्ञाताचा लोप करणे, आणि ही युक्ती फार जुनी आहे. ‘गणितकलेचे नऊ अध्याय’ या प्राचीन चिनी ग्रंथाच्या आठव्या अध्यायात ती आहे. ल्यू ह्वे यांनी इसवी सन २६३मध्ये या ग्रंथावर भाष्य लिहिले, मूळ मजकूर त्याहून जुना. त्यातले पहिलेच गणित धान्याचे आहे. उत्तम प्रतीच्या ३ पेंढ्या, मध्यम २ आणि हलकी १ मिळून ३९ दौ धान्य निघते. २, ३ आणि १ मिळून ३४ दौ. १, २ आणि ३ मिळून २६ दौ. दौ हे त्यांचे माप. तर प्रत्येक प्रतीच्या एका पेंढीतून किती धान्य निघते? गणित करणारा पाटावर काड्या मांडून स्तंभांतून स्तंभ वजा करत जाई. उत्तरे सव्वानऊ, सव्वाचार आणि पावणेतीन दौ. युरोपात कार्ल गाउस यांनी एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला पॅलस या लघुग्रहाच्या कक्षेचा हिशेब करताना ही रीत पद्धतशीर मांडली, म्हणून तिला त्यांचे नाव मिळाले. ‘गाउस-जॉर्डन’ असे म्हणताना जोडीने येणारे जॉर्डन हे नाव अनेकांना फ्रेंच गणितज्ञ कामीय जॉर्डन यांचे वाटते. ते विल्हेल्म जॉर्डन यांचे, जमीनमोजणी शिकवणाऱ्या जर्मन अभियंत्याचे आहे. सारण्यांना स्वतंत्र बीजगणित मिळाले ते गणितज्ञ आर्थर केली यांच्या १८५८च्या निबंधात, आणि व्यस्त सारणीचा रीतसर विचार त्यात आहे.

बारावीत आणखी एक रीत शिकवतात. प्रत्येक घटकासाठी त्याची ओळ आणि स्तंभ वगळून उरलेल्या सारणीचा निश्चयक काढायचा, चिन्हे द्यायची, ओळी-स्तंभ उलटवायचे आणि मूळ निश्चयकाने भागायचे. तीन ओळींपर्यंत ती बरी चालते. धान्याच्या गणितातल्या सारणीला ती लावली तर निश्चयक १२ येतो आणि व्यस्त अशी मिळते, प्रत्येक आकड्याला १२ने भागायचे हे धरून:

७   −४   −१
−५   ८   −१
१   −४   ५

पण याच वाटेने वीस ओळींची सारणी सोडवू पाहाल तर? वीस ओळींचा एक निश्चयक पूर्ण उलगडून लिहायचा तर त्यात १ ते २० या संख्यांच्या गुणाकाराइतकी पदे येतात, म्हणजे २४ हजार कोटी कोटींच्या घरात... आकडा वाचून बोध होत नाही, म्हणून असे सांगतो: सेकंदाला एक अब्ज पदे उरकणारे यंत्र सुमारे ७७ वर्षे त्यातच गुंतून पडेल. ओळींच्या क्रियांनी तीच व्यस्त सुमारे ८,००० गुणाकारांत निघते. दोन्ही रीती बरोबर आहेत, दोन्हींचे उत्तर एकच आहे, आणि तरीही एक वापरण्याजोगी आहे, दुसरी नाही.

कागदावर निश्चयक शून्य असतो किंवा नसतो. व्यवहारात या दोहोंच्या मध्ये एक धोकादायक पट्टा आहे. दोन समीकरणे घ्या. दोन अज्ञातांची बेरीज २. पहिला अज्ञात अधिक दुसऱ्याची १.०००१ पट म्हणजे २.०००१. उत्तर १ आणि १. आता मोजमापात किंचित चूक झाली आणि २.०००१च्या जागी २.०००२ आले. उत्तर होते ० आणि २. चौथ्या दशांश स्थळावरच्या एका आकड्याने सगळे उलटेपालटे केले. या समीकरणांच्या सारणीला व्यस्त आहे, पण त्या व्यस्तमध्ये १०,००१ आणि उणे १०,००० असे आकडे बसले आहेत, आणि ते प्रत्येक बारीक चुकीला दहा हजारपट फुगवतात. गणितज्ञ ॲलन ट्युरिंग यांनी १९४८च्या निबंधात या नाजूकपणाचे माप ठरवले, आणि आजही संगणकावर सारणी सोडवताना ते पाहतात. नुसता निश्चयक लहान आहे म्हणून घाबरण्याचे मात्र कारण नाही. वीस ओळींच्या सारणीत कर्णावर सगळे ०.१ आणि बाकी सर्वत्र शून्य असले तर निश्चयक म्हणजे एकावर वीस शून्ये असलेल्या संख्येने भागलेला एक, इतका बारीक. तरी तिची व्यस्त म्हणजे कर्णावर सरळ १०, आणि तिच्यात नाजूक काहीच नाही. धोका ओळी एकमेकींसारख्या होत जाण्यात असतो.

म्हणूनच संख्यात्मक गणित करणारे लोक विद्यार्थ्यांना एक गोष्ट कळकळीने सांगतात: समीकरणे सोडवायची असतील तर व्यस्त काढू नका. लोप करून थेट उत्तर काढायला साधारण एक तृतीयांश श्रम लागतात, आणि चुकाही सहसा कमी होतात. पुलाच्या सांगाड्याचे किंवा इमारतीतल्या उष्णतेचे गणित मांडले की दहा लाख ओळींची सारणी सहज तयार होते. तिच्या प्रत्येक ओळीत सात-आठच आकडे शून्याहून वेगळे असतात, कारण प्रत्येक बिंदूचा संबंध फक्त शेजाऱ्यांशी येतो. एवढी सारणी साध्या संगणकात मावते. तिची व्यस्त मात्र साधारणपणे पूर्ण भरलेली निघते, दहा लाख गुणिले दहा लाख, म्हणजे एक लाख कोटी आकडे, नुसते साठवायला आठ टेराबाइट. कारण व्यस्तमध्ये प्रत्येक बिंदूचा प्रत्येक दुसऱ्या बिंदूवरचा अंतिम परिणाम लिहिलेला असतो, आणि एका टोकाला दिलेला भार थोडाथोडा सगळ्या पुलाला जाणवतो.

मग व्यस्त काढावी तरी कधी? तिच्यातले आकडेच आपल्याला हवे असतात तेव्हा. धान्याच्या सारणीची व्यस्त पुन्हा पाहा. पहिल्या ओळीतला ७ सांगतो की पहिल्या ढिगात १ दौ धान्य जास्त भरले, बाकीचे ढीग तेवढेच राहिले, तर उत्तम पेंढीचा हिशेब १२ भागांपैकी ७ भागांनी वाढतो. त्याखालचा −५ सांगतो की मध्यम पेंढीचा ५ भागांनी कमी होतो. एका बदलाचा परिणाम कुठेकुठे आणि किती पोहोचतो, याचा तक्ता म्हणजे व्यस्त सारणी.

अर्थशास्त्रज्ञ वासिली लिओन्तिएव यांनी हाच तक्ता अर्थव्यवस्थेसाठी तयार केला. प्रत्येक उद्योगाला आपला माल बनवायला इतरांचा किती माल लागतो, ते एका चौरस सारणीत मांडायचे. पोलादाला कोळसा लागतो, कोळसा वाहायला रेल्वे लागते, रेल्वेला पुन्हा पोलाद लागते, आणि हे चक्र संपत नाही. एकक सारणीतून ही सारणी वजा करून जी व्यस्त काढतात तिच्यात या न संपणाऱ्या फेऱ्यांची बेरीज आधीच झालेली असते. तिच्या एका स्तंभावरून वाचता येते की एक कोटी रुपयांच्या जास्तीच्या मोटारी बाजारात यायच्या तर एकूण किती पोलाद, किती कोळसा, किती वीज आणि किती वाहतूक निर्माण करावी लागेल. या कामासाठी त्यांना १९७३चा अर्थशास्त्राचा नोबेल पुरस्कार मिळाला, आणि देशोदेशींच्या सांख्यिकी खात्यांत, भारतातही, असे तक्ते बनवले जातात.